हातघडणीचं ट्रम्पेट कसं पारखावं

मिरजेत तंबोरा घडवून घ्यायला गेलेला गवई आधी आपली पट्टी सांगतो. भोपळा केवढा, तार किती जाडीची, जवारी खुली की बंद, हे सगळं त्या पट्टीवरून ठरतं. हातघडणीच्या ट्रम्पेटसाठी लाखांत पैसे मोजणारे मात्र बहुतेक वेळा उलट्या टोकाकडून सुरुवात करतात: बेल (पुढचं पसरट तोंड) कुठल्या धातूची, मुलामा चांदीचा की सोन्याचा, वजन किती. सूर कुठे बसतात आणि फुंक किती सहज आत जाते, हे ठरतं लीडपाइपच्या, म्हणजे माउथपीसनंतरच्या पहिल्या नळीच्या, आतल्या निमुळतेपणावर, माउथपीस आणि लीडपाइप यांच्यामधल्या फटीवर आणि बेलच्या वळणावर. पारखायचा क्रमही तोच ठेवा. धातू सगळ्यात शेवटी.

सोबत काय न्यायचं

स्वतःचं रोजचं ट्रम्पेट आणि रोजचा माउथपीस. हे दोन नसतील तर तुलना होतच नाही. नवी खोली, नवं वाद्य, नवा माउथपीस असं सगळंच एकदम बदललं, तर ऐकू आलेला फरक कशाचा हे कुणालाच सांगता येत नाही. रोजचं वाद्य बाख स्ट्रॅडिव्हेरियस 180एस37 असेल तर फारच सोयीचं: 0.459 इंचाचा म्हणजे 11.66 मिलिमीटरचा बोअर, 37 नंबरची बेल, 25 नंबरचा लीडपाइप. ट्रम्पेट घडवणाऱ्या बहुतेक कारागिरांना हे वाद्य हातासारखं ठाऊक असतं, त्यामुळे ‘37 पेक्षा वरचा जी (पाश्चात्त्य सी-डी-ई-एफ-जी मधला) थोडा उतरलेला हवा’ एवढं म्हटलं तरी त्यांना कळतं. यामाहाचं झेनो हे मॉडेलही चालेल. मेरठच्या जाली कोठीतलं बँडचं ट्रम्पेट असलं तरी चालेल, कारण इथे महत्त्व वाद्याच्या किमतीला नाही, तुमच्या ओठांना त्याची किती सवय आहे याला आहे. परदेशी कार्यशाळेत ते घेऊन जाणार असाल तर निघतानाच विमानतळावर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. परत येताना दोन पेट्या हातात दिसल्या की प्रश्न विचारले जातात.

याशिवाय सेंट (अर्धस्वराचा शंभरावा भाग) दाखवणारा ट्यूनर, वही, व्हर्नियर किंवा पोलादी पट्टी, व्हॉल्व्हचं (बोटांनी दाबायच्या खटक्यांचं) तेल, पतंगाचा पातळ कागद, उदबत्तीची जळून उरलेली काडी आणि चांगल्या कानाचा एक मित्र. काडी आणि कागद कशाला, ते पुढे येतंच.

जाता जाता बोअरबद्दल. तो आकडा फक्त व्हॉल्व्हमधल्या नळीच्या आतल्या व्यासाचा असतो. लीडपाइप आणि बेल दोन्ही निमुळत्या, त्यांचा व्यास जागोजागी बदलतो आणि तो या आकड्यात येत नाही. एकाच बोअरची दोन ट्रम्पेट्स फुंकायला जमीन-अस्मानाइतकी वेगळी निघतात ती यामुळेच. यादीत बोअर पाहून वाद्य बाद करू नका.

एका बैठकीत तीनपेक्षा जास्त वाद्यं घेऊ नका. पाऊण तासानंतर ओठ थकतात आणि मग प्रत्येक पुढचं वाद्य मागच्यापेक्षा जड वाटायला लागतं. क्रम आपलं, नवं, पुन्हा आपलं असा ठेवा. परत आपल्यावर आल्यावर जे खटकतं तेच खरं, कारण नवं वाद्य पहिली दहा मिनिटं नेहमी गोडच लागतं. प्रत्येक वाद्य आधी तीन-चार मिनिटं नुसतं फुंकून तापवा. हवा 1 अंश सेल्सिअसने तापली की ध्वनीचा वेग सुमारे 0.17 टक्क्यांनी वाढतो आणि सूर सुमारे 3 सेंट चढतो. एसी खोलीत पेटीतून नुकतं काढलेलं वाद्य आणि भरपूर वाजवलेलं वाद्य यांच्यात दहा-पंधरा सेंटांचं अंतर सहज पडतं. ‘हे जरा उतरं आहे’ असं म्हणून चांगली वाद्यं नाकारली जातात, आणि ती फक्त थंड असतात.

ती तीन मिलिमीटरची फट

माउथपीसची शँक (मागची दांडी) रिसीव्हरमध्ये, म्हणजे ती बसते त्या खोबणीत, जिथे थांबते आणि लीडपाइप जिथे सुरू होतो, त्यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा राहते. जुना ठोकताळा एक अष्टमांश इंचाचा, म्हणजे साधारण 3 मिलिमीटरचा. पण काही वाद्यांना 1 मिलिमीटर मानवते, काहींना 4. दोन ट्रम्पेट्समध्ये जाणवलेला फरक पुष्कळदा या फटीचाच असतो. तोच माउथपीस एका रिसीव्हरमध्ये खोल जातो, दुसऱ्यात कमी, आणि दोष मात्र बेलला लागतो.

मोजायची रीत सोपी आहे. माउथपीस नेहमीसारखा हलकेच बसवा आणि रिसीव्हरच्या काठाशी शँकवर पेन्सिलने रेघ मारा. माउथपीस काढून शँकच्या टोकापासून रेघेपर्यंतचं अंतर मोजा. मग उदबत्तीची काडी रिसीव्हरच्या आतल्या भिंतीला घासत आत सरकवा. लीडपाइपच्या काठावर ती अडते. तिथे धरून काडीवर रिसीव्हरच्या काठाची खूण करा आणि तेही मोजा. काडी 25 मिलिमीटर आत गेली आणि शँक 21 गेली, तर फट 4 मिलिमीटर. तार किंवा सुई वापरू नका, आतल्या काठाला ओरखडा पडतो.

फट वाढवून पाहायला कागद लागतो. शँकचा निमुळतेपणा ढोबळमानाने विसास एक: 20 मिलिमीटर लांबीला व्यासात 1 मिलिमीटरचा फरक. झेरॉक्सचा कागद साधारण 0.1 मिलिमीटर जाडीचा असतो. त्याचा एक फेरा गुंडाळला की व्यास 0.2 ने वाढतो आणि माउथपीस तब्बल 4 मिलिमीटर बाहेर येतो. हे फार झालं. पतंगाच्या कागदाने तो साधारण एक ते दीड मिलिमीटर सरकतो. एकच फेरा द्या आणि कागदाची कड कडेवर चढू देऊ नका, नाहीतर माउथपीस डुगडुगतो आणि निष्कर्ष खोटा निघतो. कागद घातल्यावर पुन्हा रेघ मारून खरी फट किती झाली ते लिहून ठेवा.

आता स्वरलेखनाच्या पाच रेघांपैकी दुसऱ्या रेघेवरच्या जीवरून वरच्या सीपर्यंत हळूहळू चढत जा. फट चुकलेली असली की कुठेतरी स्वर सुरू होताना अडखळतो, किंवा वरचे स्वर बारीक होत जातात, किंवा सूर एका जागी न बसता घसरतो. कमी करायची की वाढवायची, हे वाद्यागणिक बदलतं, म्हणून करूनच पाहावं लागतं. तारेखालचा जवारीचा दोरा केसभर सरकवला की बंद वाटणारा तंबोरा बोलायला लागतो, तशी जागा इथेही एकदम सापडते. ती सापडली की वाद्याबद्दलचं मत बऱ्याचदा बदलतं. फट कमी करणं कागदाने जमत नाही, त्यासाठी शँक लेथवर घासावी लागते. कॅलिफोर्नियातल्या बॉब रीव्ह्जच्या दुकानाने यावर छान तोड काढली आहे: माउथपीसच्या टोकावर बदलता येणाऱ्या नंबरवारी स्लीव्ह, ज्या वाद्याला जी लागेल ती चढवायची.

या नियमाला मोठा अपवाद मोनेटचा. डेव्हिड मोनेट 1983 पासून ट्रम्पेट घडवतात, कार्यशाळा अमेरिकेत ओरेगनमधल्या पोर्टलंडला. त्यांची वाद्यं त्यांच्याच माउथपीसशी जुळवून बांधलेली असतात आणि राजा या मॉडेलमध्ये तर माउथपीस वाद्याचाच भाग असतो. मोनेटवर आपला जुना माउथपीस लावून मत बनवणं म्हणजे त्या वाद्यावर अन्याय. ती जोडी एकत्रच पारखा, आणि माउथपीसची सवय व्हायला निदान आठवडा-दोन आठवडे द्या. तेवढा वेळ मिळणार नसेल तर ते वाद्य या तुलनेत घेऊच नका.

सुरांचा तक्ता

ही बैठक कंटाळवाणी वाटते, पण सगळ्यात जास्त तीच सांगते. मधल्या सीवर ट्यून करा. ट्यूनर मित्राच्या हातात द्या आणि त्याच्याकडे पाठ करा. काटा डोळ्यांना दिसला की ओठ आपोआप सूर सावरतात आणि तक्ता वाद्याचा न राहता तुमच्या सवयीचा होतो. प्रत्येक स्वर तीन वेळा, चार सेकंद, मध्यम जोरात वाजवा. दर वेळी वेगळ्या स्वरावरून त्यावर या. मित्राने तिन्ही आकडे लिहायचे आणि मधला धरायचा.

कोणते स्वर घ्यायचे? व्हॉल्व्ह न दाबता: खालचा सी, जी, मधला सी, चौथ्या घरातला ई, त्यावरचा जी, वरचा सी. पहिल्या व्हॉल्व्हवर चौथ्या रेघेवरचा डी, दुसऱ्यावर चौथ्या घरातला ई फ्लॅट. पहिल्या-दुसऱ्यावर खालचा ई आणि वरचा ए. शेवटी पहिल्या-तिसऱ्यावरचा खालचा डी आणि तिन्ही दाबून खालचा सी शार्प.

यांतले काही स्वर निसर्गतःच कणसूर असतात. चौथ्या घरातला ई हा त्या नळीचा पाचवा स्वयंभू स्वर. शुद्ध गणिताने तो पियानोवरच्या त्याच स्वरापेक्षा 14 सेंट उतरा आहे. चौथ्या रेघेवरचा डी आणि ई फ्लॅटही आपापल्या लांबीचे पाचवेच स्वयंभू स्वर, म्हणून तेही उतरेच. चांगला कारागीर लीडपाइप आणि बेल अशा जुळवतो की हा फरक दहाच्या आत यावा आणि त्यापायी बाकीचे स्वर बिघडू नयेत. खालचे डी आणि सी शार्प उलट चढे. पहिला व्हॉल्व्ह नळीची लांबी 12.2 टक्के वाढवतो, तिसरा 18.9 टक्के, मिळून 31.1. पाच अर्धस्वर उतरायला मात्र 33.5 टक्के लागतात. त्यामुळे हिशेबाने डी सुमारे 30 सेंट चढा येतो आणि तिन्ही व्हॉल्व्ह दाबल्यावर सी शार्प सुमारे 54 सेंट. प्रत्यक्षात तिसऱ्या व्हॉल्व्हची स्लाइड (सरकती नळी) मुळातच थोडी लांब ठेवतात, म्हणून आकडे याहून कमी येतात. उरलेलं काम डाव्या हाताच्या बोटाचं. म्हणून तिसऱ्या स्लाइडची कडी तुमच्या बोटाला कुठे येते आणि स्लाइड पूर्ण बाहेर ढकलताना मनगट वळतं का, ते वाद्य हातात असतानाच पाहा. लहान पंजाच्या वादकाला कडी जागेवर बसवून देणं हातघडणीच्या दुकानात अगदी किरकोळ काम आहे, पण ते आधी सांगावं लागतं.

तक्ता पाहताना एखादा स्वर किती चुकला यापेक्षा शेजारचे स्वर एकमेकांपासून किती दूर पडले हे पाहा. सगळाच ट्रम्पेट 8 सेंट चढा असेल तर तो एकदम उतरवायला मुख्य ट्यूनिंग स्लाइड आहे. पण ई 12 उतरा आणि लगेच वरचा जी 10 चढा असेल, तर त्या दोन स्वरांमध्ये 22 सेंटांची दरी आहे आणि ती रोज ओठांनीच भरून काढावी लागणार. सोलो वाजवणाऱ्याला ती एक वेळ परवडेल. हार्मोनियम किंवा कीबोर्डच्या शेजारी बसणाऱ्याला मुळीच परवडणार नाही.

यानंतर दोन छोट्या गोष्टी. जी धरून व्हॉल्व्हला हात न लावता फक्त ओठांनी सूर खाली ओढा आणि तुटण्याआधी किती सेंट उतरतो ते मित्राला पाहायला सांगा. काही वाद्यांत सूर खाचेत बसल्यासारखा घट्ट बसतो, काहींत मींड घेता येण्याइतका मऊ असतो. गाण्याच्या अंगाने वाजवणाऱ्याला दुसरा प्रकार हवा, ऑर्केस्ट्रातल्याला बहुधा पहिला. मग जीभ न लावता, नुसत्या फुंकेने, शक्य तितक्या हळू स्वर सुरू करा. दहापैकी किती वेळा लगेच लागला ते मोजा. जोरात वाजवताना सगळीच महागडी वाद्यं चांगली वाटतात. वेगळेपण कळतं ते हळू आवाजात.

डोळे बांधून ऐकणं

वाजवणाऱ्याच्या कानाजवळ येणारा आवाज आणि दहा-बारा मीटरवर पोचणारा आवाज हे दोन वेगळे आवाज. जाड, जड वाद्यं हाताला आणि ओठांना कमी कंप देतात, म्हणून ती आपल्याला दबकी वाटतात आणि आपण जास्त जोर लावतो. पातळ बेल अंगाशी झणझणते, म्हणून ती मोठी वाटते. श्रोत्याला यातलं फारसं काही कळत नाही. इंग्लंडमधले ध्वनिशास्त्रज्ञ आणि वाद्यनिर्माते रिचर्ड स्मिथ यांनी वेगवेगळ्या जाडीच्या ट्रॉम्बोन-बेल डोळे बांधलेल्या व्यावसायिक वादकांच्या हाती दिल्या होत्या. त्यांना एकीतून दुसरी ओळखता आली नाही. पुढे लंडनचे वादक डेरेक वॉटकिन्स यांच्यासोबत त्यांनी ट्रम्पेटं घडवली, तेव्हा भर बेलच्या धातूवर न देता बदलता येणाऱ्या लीडपाइपवर दिला.

म्हणून मित्राला पाठमोरं बसवा. एकच आठ मात्रांचा तुकडा, सहा वेळा, चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या क्रमाने वाजवा. वाद्यांचं नाव घ्यायचं नाही, त्याने फक्त ‘हा’ किंवा ‘तो’ असं लिहायचं. मग जागा बदला: तो तुमच्या हातात वाद्य देईल, तुमच्या डोळ्यांवर रुमाल. जड वाद्य वजनावरून ओळखू येतंच, त्यामुळे ही फेरी निर्दोष नाही, पण नाव आणि किंमत तरी बाजूला राहते. फोनवर रेकॉर्ड करू नका. फोन आवाजाची पातळी आपोआप सपाट करतो आणि नेमका जो फरक हवा तोच पुसला जातो. हाताने पातळी लावता येणारा रेकॉर्डर तीन-चार मीटरवर, बेलच्या सरळ रेषेपासून थोडा बाजूला ठेवा. सगळ्यात मोठ्या वाद्यावर पातळी लावली की त्याला पुन्हा हात लावायचा नाही.

व्हॉल्व्ह आणि जोडकाम

प्रत्येक व्हॉल्व्हची स्लाइड, व्हॉल्व्ह न दाबता, झटकन ओढा. ‘टप्’ असा स्पष्ट आवाज यायला हवा. नुसतं ‘फुस्स’ झालं तर हवा गळते. अगदी नव्या, घट्ट बसवलेल्या व्हॉल्व्हला पहिले काही आठवडे रोज तेल लागतं. किंचित जड चालणं क्षम्य आहे, तिरका दाब दिल्यावर अडकणं नाही. दुसरी स्लाइड काढून, आत टॉर्च मारून आणि दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसला छोटा आरसा धरून पाहा: व्हॉल्व्ह दाबल्यावर भोक नळीच्या तोंडाशी बरोबर जुळतं का? अर्धचंद्रासारखी कड दिसली तर फेल्ट (व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती लोकरीची चकती) कमी-जास्त जाड आहे. अर्ध्या मिलिमीटरची चूकही त्या व्हॉल्व्हवरचे स्वर कोंदट करते. हा दोष वाद्याचा नव्हे, फेल्टचा आहे आणि तो दहा मिनिटांत निघतो.

मुख्य ट्यूनिंग स्लाइडचे दोन्ही पाय एकेकटे घालून पाहा आणि मग एकत्र. एकेकटे सैल आणि एकत्र घट्ट असतील तर नळ्या समांतर नाहीत, वाद्य ताणाखाली जोडलेलं आहे. एवढ्या पैशांत हे चालवून घेऊ नये. पाण्याच्या चावीचं बूच गळत असेल तर एखाद-दोन स्वरच विचित्र डळमळतात. तिथे बोट दाबून धरा. स्वर सुधारला तर कारण सापडलं.

कोण काय करतं

एडवर्ड्स (विस्कॉन्सिन) आणि एस. ई. शायर्स (मॅसॅच्युसेट्स) यांची ताकद सुट्या भागांतून जुळवणीत आहे. बेल, लीडपाइप, ट्यूनिंग स्लाइड असे पर्याय समोर ठेवून वाद्य बांधता येतं, म्हणून एकेक गोष्ट बदलून शिकायला याच्याइतकी चांगली जागा नाही. नेदरलँड्समधल्या अ‍ॅडम्सकडे बेलच्या धातूपासून जाडीपर्यंत पर्याय निवडून वाद्य मागवता येतं. हब व्हान लार तिथलेच. इंग्लंडमध्ये टेलर आणि एक्लिप्स, स्वित्झर्लंडमध्ये इंडरबिनन. ऑस्ट्रियातले शागर्ल आणि लेख्नर रोटरी (गोल फिरणाऱ्या) व्हॉल्व्हचेही ट्रम्पेट करतात, व्हिएन्नाच्या ऑर्केस्ट्रांत चालतात तसले. रोटरीची तुलना रोटरीशीच करा. बोटांची हालचाल, वाद्य धरायची पद्धत, एका स्वरावरून दुसऱ्यावर जायचा पोत, सगळंच वेगळं आहे. ज्यांना अनेक कारागीर एका छताखाली हवेत त्यांनी इंटरनॅशनल ट्रम्पेट गिल्डच्या वार्षिक परिषदेला जावं. पण तिथल्या दालनात एकाच वेळी पंधरा जण वरचा सी वाजवत असतात. तिथे फक्त हाताची ठेवण आणि व्हॉल्व्ह पाहा, सूर नंतर शांत खोलीत.

धातू आणि आपली हवा

पिवळं पितळ म्हणजे 70 भाग तांबं आणि 30 भाग जस्त. गोल्ड ब्रासमध्ये हे प्रमाण 85-15 च्या आसपास. आवाजापेक्षा टिकाऊपणाच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. मुंबई, कोकण, गोवा इथल्या दमट, खाऱ्या हवेत आणि लाळेच्या ओलाव्यात पितळातलं जस्त झिजून निघतं आणि लीडपाइपवर लालसर-गुलाबी ठिपके येतात. जस्त 15 टक्क्यांच्या आसपास असलं की हा रोग फार कमी होतो. म्हणून किनाऱ्यावर राहणाऱ्याने बेल हवी ती घ्यावी, पण लीडपाइप गोल्ड ब्रासचा मागावा. मुलामा नसलेलं कच्चं पितळ फोटोत सुंदर दिसतं. इथे ते महिन्याभरात काळवंडतं आणि पांढऱ्या शर्टावर हिरवे डाग पाडतं. चांदीचा मुलामा काळा पडतो, पण पुसता येतो. वाजवून झाल्यावर आतलं पाणी काढा आणि पंधरा दिवसांनी एकदा कोमट पाण्याने लीडपाइप धुवा.

ऑर्डर लिहिताना

‘गडद’, ‘उजळ’, ‘भरदार’ हे शब्द टाळा. प्रत्येक कारागिराच्या कानात त्यांचा अर्थ वेगळा असतो. त्याऐवजी लिहा: काय वाजवता, कुठे वाजवता, रोज किती तास. लग्नाच्या वरातीत तीन तास उघड्यावर वाजवणाऱ्याला आणि स्टुडिओत माइकपासून हातभर अंतरावर बसणाऱ्याला एकच वाद्य मानवणार नाही. विंटन मार्सालिस यांच्यासारखा आवाज हवा की मेनार्ड फर्ग्युसन यांच्यासारखा, हे नाव घेऊन सांगा. माउथपीसचं पूर्ण नाव, मोजलेली फट, तुमच्या जुन्या वाद्याचा सुरांचा तक्ता आणि रेकॉर्डिंग जोडा. कारागिराकडून लीडपाइप आणि बेलचा नंबर, बेलच्या पत्र्याची जाडी, तिसऱ्या स्लाइडच्या कडीची जागा, परत करण्याची मुदत आणि परतीच्या वाहतुकीचा खर्च कुणाचा, हे लेखी घ्या. फेल्ट, स्प्रिंग आणि पाण्याच्या चावीच्या बुचांचे तीन-तीन संच त्याच पेटीत मागवा, इथे नेमक्या मापाचे मिळत नाहीत. आयात कर 9205 10 00 या शीर्षकाखाली लागतो. दर बदलत असतो, म्हणून मागवण्याच्या आठवड्यात कस्टम्सच्या संकेतस्थळावर पाहा.

पेटी हातात आली की पहिल्याच दिवशी फट मोजा आणि तक्ता करा. तीन आठवड्यांनी दोन्ही पुन्हा करा. नवे फेल्ट तोवर दबलेले असतात. ज्या व्हॉल्व्हवरचे स्वर पहिल्या तक्त्यापेक्षा कोंदट झाले असतील, तिथे आरसा आणि टॉर्च घेऊन आधी बघा. परतीची मुदत संपायच्या आत हे सगळं उरकलेलं असलं पाहिजे, म्हणून तारीख पेटीच्या झाकणावर आतून चिकटवून ठेवा.